तेरवीत वाटलेली कादंबरी

मूल, ८ डिसेंबर २०२४

सकाळी दळण आणलं. दुपारपर्यंत अकरा फोन आले.

श्री. धनराजभाऊंना नमस्कार. सरिताबाईंचे गुडघे कसे आहेत? माझं बरं चाललं आहे. तुमची बहीण गेल्यावर लोकांना वाटलं होतं तितकं वाईट नाही.

फोन तिच्या कादंबरीसाठी होते. नागपूरच्या त्या मोठ्या कादंबरीकारांनी आजच्या रविवार पुरवणीत लिहिलं आहे की 'पऱ्ह्यांचे दिवस' हे धानाच्या रोपांवरचं, रोवणीवरचं उपेक्षित रत्न आता कुठेच मिळत नाही, आणि याची आपल्या समाजाला लाज वाटली पाहिजे. (आपला समाज म्हणजे प्रामुख्याने मीच. तेरवीला पाहुण्यांना स्टीलचा डबा देतात, त्याऐवजी घरात पडलेल्या बासष्ट प्रती मीच वाटल्या. लटारूमामा तेव्हा तोंडावर म्हणाले होते, "जावईबापू, डबा देल्ला असता तं चटणी तरी ठेवली असती.") आज पहिला फोन मामांचाच. पुस्तक वाचून रडू आलं म्हणाले. कुठल्या ठिकाणी, विचारलं, तर शेवटच्या पानावर. शेवटच्या पानावर छापखान्याचा पत्ता आहे. तिची प्रुफं मीच नेऊन देत होतो. प्रत परत मागितली तेव्हा त्यांच्या फोनची रेंज गेली.

एक प्रत मी माझ्यासाठी ठेवली होती. ती हेच कादंबरीकार ऑगस्टमध्ये घेऊन गेले. साधनाच्या खुर्चीत बसून दोनदा चहा घेतला, आठवड्यात परत करतो म्हणाले. तेव्हा पुस्तक कुठेच मिळत नाही, हे त्यांच्याइतकं खात्रीनं दुसरं कोण लिहिणार? आज मी फोन केला. ते शांतपणे म्हणाले, "तुमच्या घरी ते पुस्तक नुसतं कपाटात होतं हो. माझ्याकडे त्याची कदर आहे."

मी फोन ठेवला आणि हे पत्र लिहायला बसलो. घरच्यांना नमस्कार सांगा.

आपला,
श्रीहरी

ता. क. पुढच्या महिन्यात वर्षश्राद्धाच्या दिवशी वाचनालयानं कार्यक्रम ठेवला आहे. कादंबरीवर मला बोलायचं आहे.

ता. क. २. तुमची प्रत सरिताबाईंनी देवघरात ठेवून तिला हळदकुंकू वाहिलं आहे. दिवाळीत पाहिलं, पानं अजून एकमेकांना चिकटलेली आहेत. राग मानू नका, पण ती तुमच्या वडशाहून गाडीनं येणाऱ्या कोणाच्या तरी हाती पाठवा. देवघरात साधनाचा फोटो ठेवा, मी पाठवतो.

ता. क. ३. मीही वाचलेली नाही. रिटायर झालो की वाचतो, असं तिला सांगत आलो. जूनमध्ये झालो, तोवर ती गेली होती, आणि मग उघडायचा धीर झाला नाही. आता वाचायची आहे. कार्यक्रम नसता तरी मागितली असती. हे लटारूमामांना कळू देऊ नका.

डिंक संपला आहे. भात टाकतो आणि शितानं पाकीट चिकटवतो.