बडेऱ्याच्या बावडीच्या पायऱ्या बुजवण्याबद्दल

प्रति,
मा. आरोग्य अधिकारी साहेब,
ग्वाल्हेर.

विषय : मौजे बडेरा येथील बावडीच्या पायऱ्या बुजवून हातपंप बसवण्यास मीच घेतलेली हरकत मागे घेण्याबाबत.
संदर्भ : मध्यभारत सरकारच्या वेळचा माझा अर्ज. क्रमांक मजजवळ नाही.

महोदय,

“बावडीत घोटाभर उतरून आपल्या हाताने कळशी भर. चामडे लागलेले पाणी देवाला घालू नकोस,” असे माझ्या सासूबाईंनी मला सांगितले होते. बडेऱ्याच्या महादेवाची पूजा आमच्या घराण्याकडे आहे. दर सोमवारी ग्वाल्हेरच्या लष्कर पेठेतून बडेऱ्याला जाऊन मी हा नेम पाळत आले.

२. नारूच्या बंदोबस्तासाठी आपल्या खात्याने पायऱ्या बुजवून पंप बसवायचे ठरवले, तेव्हा पंपात चामड्याचा वायसर असतो म्हणून मी हरकत घेतली. पुजाऱ्यांच्या घरची बाई म्हणून ती मानलीही गेली. पंप परत गेला.

३. पुढे देवळाचे अंगण झाडणारी रामकली हिच्या पायातून नारूचा दोऱ्यासारखा जंत निघू लागला. आग सोसवेना म्हणून ती रडत होती. मीच तिला पायरीवर बसवून पाय पाण्यात सोडायला सांगितले. तीर्थ आहे, थंडावा मिळेल, असे म्हटले. थंडावा मिळाला खरा. मग गावात ज्याच्या त्याच्या फोडाला हाच उपाय झाला. अशाने रोगाचे बी पाण्यात पसरते आणि ते पिणाऱ्याच्या अंगातून वर्षभराने नारू निघतो, हे आपल्या निरीक्षकांनी आधीच समजावले होते. मी माळ ओढत होते, नीट ऐकले नाही. यंदा घरटी कोणी ना कोणी खाटेवर आहे. रामकलीचा गुडघा आखडला तो आखडलाच. ती मला बोल लावत नाही. एवढेच म्हणाली, “बाईसाब, आपने कही थी, सो रख दिया.” त्या पाण्याने मी देवाला न्हाऊ घालीत होते, साहेब, पीत गावकरी होते.

४. घरी हे बोलले, तर माझे दीर मधुकरराव म्हणाले, “वहिनी, आपल्या नळातही तोच वायसर आहे. इतकी वर्षे देवाचा नैवेद्य कशात शिजवता?”

५. कचेरीत विचारता कळले की, जुन्या राज्याचे दप्तर भोपाळला रवाना झाले आहे आणि हरकतीचा कागद सापडल्यावाचून ती मागे घेता येत नाही. तरी हाच अर्ज प्रथम हरकत म्हणून दाखल करून घ्यावा आणि त्याच दिवशी ती मागे घेतली असे समजावे. तसा नियम नसल्यास मला शिक्षा करावी, पण उन्हाळ्यात पाणी तळाला जाण्याआधी पायऱ्या बुजवाव्यात. हिंदीत अर्ज लिहून देणारे नई सडकेवर बसतात, पण हे सगळे त्यांना सांगवेना, म्हणून मराठीत लिहिले. क्षमा असावी.

६. हुकूम होईतो दुखऱ्या पायाच्या कोणालाही पाण्यात उतरू देणार नाही, त्यांची भांडी मी भरून देईन, असा शब्द रामकलीला दिला आहे. घरची रोजची पूजा जाऊबाईंकडे सोपवली. हा अर्ज टपालात टाकून पहिल्या मोटारीने बडेऱ्यास निघत आहे. उत्तर तिथेच, देवळाच्या पत्त्यावर पाठवावे.

आपली नम्र व अपराधी,
इंदुमती गोपाळकृष्ण मुळ्ये
लष्कर, ग्वाल्हेर
दि. २० फेब्रुवारी १९५७