प्रेस नंबर तीनचा गुन्हेगार

२४ फेब्रुवारी

आठ दिवस! आमच्या मॅनेजरना, जयदीप सरांना, कारखान्याच्या सुरक्षा सप्ताहासाठी टॅबवर खेळायचा डिटेक्टिव्ह गेम हवाय. चार मार्चला, कँटीनमध्ये. कॉलेजात असताना मी असले गेम करायचे, हे मीच एकदा चहा पिताना बोलून गेले होते — भोगा आता! केस त्यांनीच दिली: पत्रा दाबणाऱ्या प्रेसवर कामगाराची बोटं गेली, चूक कुणाची? उत्तरही ठरवून दिलं. कामगाराची.

म्हणजे भिवाची. ऑगस्टमधल्या एका शनिवारी तीन नंबर प्रेसवर त्याची दोन बोटं गेली. नाव बदल म्हणाले. जसं काही कुणाला कळणारच नाही.

२६ फेब्रुवारी

कोडं जमत नाही. हात आत गेला की सेन्सर प्रेस थांबवतो. मग बोटं जातीलच कशी? कंपनी म्हणते, शनिवारी सकाळी भिवानेच सेन्सर बंद केला, कारण रोजच्या चेकशीटवर शुक्रवारपर्यंत ‘सेन्सर चालू’ आहे. भिवा म्हणतो, सोमवारपासूनच बंद होता, सुपरवायझरला सांगितलंही होतं. चौकशीचा निकाल पाच तारखेला. त्याची नोकरी जाणार, असंच सगळे धरून चाललेत.

२८ फेब्रुवारी

खोटी चेकशीट बनवायला वेळ नाही. खरीच स्कॅन करून पुरावा म्हणून टाकली. तपासणाऱ्याच्या सहीवर काळा पट्टा मारला.

२ मार्च

गेम कुणाकडून तरी खेळून घ्यायचा होता. गेटवर भिवाच — हात तसा झाल्यापासून त्याला तिथेच बसवलंय. टॅब त्याच्यापुढे कसा धरला, माझं मला माहीत. लाज वाटत होती. तो डाव्या हाताने पानं सरकवत गेला. चेकशीटवर थांबला.

“मॅडम, ह्यात गुरुवारी बी सेन्सर तपासलाय.”

“हो. मग?”

“गुरुवारी कंपनी बंद असती की. बघितला कुणी?”

आठवडाभराच्या खुणा सोमवारीच टेबलावर बसून करायच्या, ही आमच्याकडची रीत. घाईत सुट्टीचा वारही भरला गेला. चौकशीत सगळ्यांनी हा कागद पाहिला होता. पट्ट्याखाली कुणाची सही, ते भिवाने विचारलं नाही.

३ मार्च

सरांना गुरुवार दाखवला. “ते पान काढून टाक,” म्हणाले. “उगाच कुणाची तरी नोकरी जायची.”

भिवाची जातेय त्याचं काय? हे मनातच म्हणत टॅब घेऊन बाहेर आले.

४ मार्च

पान ठेवलं. पट्टा काढला. आठ वाजता टॅब कँटीनमध्ये लावला, गुरुवारवर खूण करून त्या पानाची एक प्रत चौकशी समितीला दिली.

सही माझी आहे.