टेकडीवर दादाची थडगी

सोम. ३ नोव्हें.
ह्यांनी माळ्यावरून लेकीच्या, मनीच्या लहानपणीचा टीव्हीवरचा गेम काढला. बटाट्यासारख्या नाकाचे चार शिपाई. आधी नकाशावर बेत करायचा, मग धाडधाड. सेनापती तंबूत बसून कोंबडी खातो, ह्यांना त्याचं फार हसू. देवघर टीव्हीच्याच भिंतीला. माझी पोथी आणि ह्यांच्या बंदुका एकदम. रिटायर माणूस घरात म्हणजे...

बुध. ५
शिपायांची नावं आपण घालायची असतात, आज कळलं. पहिला 'दादा'. माझा भाऊ! रोज त्यालाच पुढे पाठवतात. मेला की पिपाणी वाजते, टेकडीवर थडगं उगवतं, त्यावर नाव. नवा शिपाई आला की पुन्हा दादाच. आज अकरा थडगी मोजली.
कारण काय, तर नेरुळच्या वास्तुशांतीला दादाने ह्यांना दुसऱ्या पंगतीला बसवलं. सहा वर्षं झाली. भाऊबीजेला मी एकटीच जाते.
म्हटलं, मंगळवारी त्याच्या हृदयाचं ऑपरेशन आहे, नाव बदला.
"मेल्याची खोटी बातमी आली की आयुष्य वाढतं, तूच सांगतेस ना? मग तुझ्या भावाला शंभरी मिळवून देतोय."
आजीला कावळा शिवला तेव्हा अपशकुन टळावा म्हणून आईने मामाला ती गेल्याची खोटी तार केली होती, हे मीच ह्यांना सांगितलेलं. माझंच तोंड.

शनि. ८, संकष्टी
बोलणं बंद. ताट वाढून झाकून ठेवते. चंद्रोदयाला मोदक केले, ह्यांना दिले नाहीत. ह्यांनी मागितलेही नाहीत. डबा उघडून तीन खाल्ले.
वहिनीचा फोन. दादा घाबरलाय, म्हणतोय मेहुण्यांना सांग, राग सोडा. मी भिंतीकडे बघून निरोप दिला. ह्यांनी ऐकला आणि दादाला सुरुंगावर चालवलं.

मंगळ. ११
आठला दादाला आत नेलं. चार तास लागतील म्हणाले. जपात मन लागेना. मीच टीव्ही लावला. म्हटलं, पाठवा त्याला पुढे, वाढू दे आयुष्य.
"आज नको."
"एवढे दिवस मारलात, आज काय झालं?"
"नको म्हटलं ना."
रिमोट पाठीमागे धरला. मी हिसकावला. बटणं कळेनात. दादा गोल गोल फिरतो, झाडावर आपटतो, गोळ्या डोक्यावरून जातात. बाकीचे तिघे मेले, हा मेला मरेना.
हे शेवटी जवळ येऊन बसले. म्हणाले, डावीकडे घे, सुरुंग डावीकडे आहे. मी उजवीकडे गेले. मग रिमोट त्यांनीच घेतला.
एक वाजून गेला. वहिनीचा फोन नाही. एरवी ह्यांना क्षणात जमतं. आज तिसऱ्यांदा सुरुंगाला वळसा घालून गेले. म्हटलं, मुद्दाम करताय का.
 दादा चालतोय अजून.