बुचांचा पडदा

रविवार, ६ ऑक्टोबर. सकाळ.
आजपासून नवा माणूस.

काल सुपिनचा फोन आला. रायोंगच्या कारखान्यात नोकरी मिळतेय, डिसेंबरपासून. माखामला घेऊन जाणार म्हणते. मी म्हटलं, पोरगी काय तुझ्या एकटीची आहे? तर म्हणाली, वाद नको सोमनुक, पोरीलाच विचारू. पुढच्या महिन्यात नदीत क्राथोंग, पानाफुलांचे दिवे, सोडायचा सण होऊ दे, दुसऱ्या दिवशी विचारू. बाबाकडं राहते म्हणाली तर राहील, मी आड येणार नाही. तोवर दर रविवारी पाठवते, बघू दे तिला तू कसा राहतोस ते.

म्हणजे निकाल लागल्यात जमा. नऊ वर्षांची पोर बापाला सोडून कुठं जाणार?

योजना: दर रविवारी हस्तकला. मोबाइलवर वाचलं, हातानं काही करत असली की मुलं मन मोकळं करतात. हस्तकला माझ्या रक्तातच आहे. चौथीत असताना क्राथोंगच्या स्पर्धेत पहिला नंबर आला होता. क्राथोंग आईनं केला होता, पण केळीचा खांब मी आणला होता.

संकल्प: बंद म्हणजे बंद. खरं तर भिक्षूंचा वर्षावास लागला तेव्हाच दारू सोडणार होतो, त्या तीन महिन्यांत सगळा गाव सोडतो. पण त्या आठवड्यात गिरणीतल्या एकाचं लग्न निघालं. आता वर्षावास संपायला थोडेच दिवस उरलेत, डोळे मिटून निघतील. बिअर दारूत धरत नाही.

तीच तारीख. संध्याकाळ.
ताडाच्या पानाचा मासा विणायला घेतला. व्हिडिओतला माणूस घाई करतो, पानं दाखवतच नाही नीट. माझा झाल्यावर माखामनं उलटासुलटा करून बघितला आणि विचारलं, बाबा, हा मेलाय का? मग स्वतः बसली आणि तराफ्यावरच्या घरातल्या आजीनं, आईच्या आईनं, शिकवलाय म्हणत गप्पा मारता मारता विणून टाकला. छान झाला. अर्थात सुरुवात माझ्यामुळे झाली.

तुझे हात का थरथरतात, असंही विचारलं. गिरणीत पोती उचलावी लागतात, म्हटलं. मी गिरणीत वजनं लिहितो, हे तिला माहीत आहे.

रविवार, १३ ऑक्टोबर.
केळीच्या पानाच्या दांड्याचा घोडा. मान, कान, लगाम, सगळं साग्रसंगीत. माखामनं अंगणात फेऱ्या मारल्या. घोडा घोडा खेळायचं तिचं वय राहिलं नाही असं मध्येच लक्षात आलं, पण माझ्याकडं बघून हसत होती, म्हणजे आवडला.

जेवणाआधी पाच मिनिटं पडलो. उठलो तेव्हा उन्हं उतरली होती. पोरीनं नूडल्स करून खाल्ले होते, माझा वाडगा झाकून ठेवला होता, भांडी घासली होती, घर झाडलं होतं. मुलांना स्वावलंबन शिकवणं हीसुद्धा एक कलाच आहे.

एक अडचण झाली. झाडताना पलंगाखालची बिअरची बुचं तिला सापडली. पायरीवर रंगाप्रमाणे ओळीनं लावून बसली होती. मी प्रसंगावधान राखून म्हटलं, सापडली होय? तुला सरप्राइज देणार होतो. या बुचांचा पडदा करायचाय आपल्याला. भोक पाडून दोऱ्यात ओवायची, दारात लावायचा, वारा आला की वाजतो.

तिनं ओळी मोडून बुचं गोळा केली. मग म्हणाली, बरं.

कल्पना खरंच चांगली आहे. बुचं कमी पडतील.

गुरुवार, १७ ऑक्टोबर.
वर्षावास संपला. सगळ्या गावानं आज घेतली. चारचौघांत राहायचं तर चारचौघांसारखं वागावं लागतं. शिवाय पडद्याचं सामान.

रविवार, २० ऑक्टोबर.
पडदा सुरू. मी खिळ्यानं भोकं पाडतो, माखाम ओवते. एकदा खिळा सोडून अंगठ्यावर हातोडी बसली. माखामनं फडकं ओलं करून बांधलं आणि हातोडी स्वतःकडं घेतली.

इतकी नवी बुचं कुठून आणलीस, म्हणाली. समोरच्या लामदुआन मावशींच्या गाडीवरून, म्हटलं. तर म्हणाली, मावशी तर नूडल्स आणि बर्फाचा चहाच विकतात. पोर हुशार आहे, माझ्यावर गेली आहे.

नंतर म्हणाली, बाबा, दाराला नको ना. खिडकीला लावू. छोटासा. मी म्हटलं, कलेत कंजुषी करायची नसते, दाराला तो दाराला, थेट जमिनीपर्यंत. तिनं मान खाली घातली आणि ओवत बसली.

लामदुआन मावशी रस्त्यापलीकडून ओरडून म्हणाल्या, सोमनुक, पडदा जमिनीला टेकायच्या आधी तूच टेकशील रे बाबा. या बाईला कोणाचं चांगलं बघवत नाही. पोरीसमोर असं बोलतात का?

रविवार, २७ ऑक्टोबर. दुपार.
आज एक गैरसमज झाला. गजर वाजलाच नाही. किंवा वाजला असेल, मोबाइल उशीखाली होता. सासूबाईंनी माखामला होडीनं घाटावर सोडलं, ती चालत आली, दार वाजवलं, आणि मला ऐकू आलं नाही. लामदुआन मावशींनी तिला चहा पाजून परत पाठवलं.

सुपिनचा फोन. काय काय बोलली ते लिहीत नाही. मी एकच म्हटलं, मी घरातच होतो. घरात नव्हतो असं कोणी म्हणू शकत नाही.

दाराच्या कडीला ताडाच्या पानाचा मासा लटकावून गेली आहे. म्हणजे रागावलेली नाही.

नवा संकल्प. आता बिअरसुद्धा दारूतच धरायची. उरलेल्या बाटल्या मोरीत ओतल्या. एक ठेवली, पाहुण्यांसाठी.

रविवार, ३ नोव्हेंबर.
पूर्ण आठवडा कोरडा. दोन रात्री घामानं अंथरूण भिजलं, पण काढल्या. गजराच्या आधी उठलो. माखाम आली तेव्हा मी आंघोळ करून, शर्ट घालून पायरीवर बसलो होतो. ती घाटाकडून चालत येत होती, मला बघितलं आणि पळत सुटली. मला फार बरं वाटलं. इतकं बरं कधी वाटलं होतं ते आठवत नाही.

पतंग केला आणि उडाला. उडाला म्हणजे विजेच्या तारेत गेला, पण आधी उडाला. माखाम खदखदून हसली. मासे खाल्ले, भात खाल्ला. माझे हात बघितले, उलटे करून, सुलटे करून.

जाताना सहज विचारलं तिनं, तिची खोली कुठली असेल. मागची, म्हटलं, पेरूच्या झाडाकडची. म्हणाली, मग पलंग खिडकीशी ठेव, आणि उशी पातळ हवी, मला जाड उशीवर झोप येत नाही.

झालं. आणखी काय पाहिजे? सुपिननं रायोंगला खुशाल जावं.

आनंदाच्या भरात पाहुण्यांची ती एक फोडली. एवढं यश मिळाल्यावर कोणीही फोडली असती.

रविवार, १० नोव्हेंबर.
शुक्रवारी सण. देवळाच्या घाटावर मुलांची क्राथोंग स्पर्धा, सगळं नैसर्गिक पाहिजे, बापानं मदत केलेली चालते. आज सराव.

मधला आठवडा थोडा इकडंतिकडं झाला. ते सोडून द्यायचं.

केळीच्या खांबाची चकती कापली, बादलीत सोडली, तरंगली. माखाम पानाच्या घड्या घालते आणि बांबूच्या काड्यांनी टोचते, एकसारख्या पाकळ्या होतात. माझ्या पाकळ्यांना, ती म्हणाली, स्वभाव आहे.

नेलकटर काढलं आणि तिला म्हटलं, माझी नखं घे, केसांची बट घे, ठेव तुझ्या क्राथोंगमध्ये, बापाची सगळी पीडा जाऊ दे वाहून. माझे डोळे भरून आले होते. तर मागं सरली, म्हणाली, नको, नखं म्हणजे तू. तुला नाही सोडायचं मला.

लहान मुलांना नखांची किळस येते.

मग पडद्याच्या पिशवीतून एक बूच उचललं आणि विचारलं, हे घेऊ? घे की, म्हटलं, पुष्कळ आहेत.

शुक्रवार, १५ नोव्हेंबर. घाटावरून आल्यावर.
तिसरा नंबर. हे आधी लिहितो.

दुपारपासून अंगणात बसलो होतो. गोंड्याची फुलं, उदबत्त्या, मेणबत्ती. माखामनं शाळेच्या शिवणाच्या डबीतला लाल दोरा आणला होता. ते बूच तिनं मधोमध, फुलांच्या खाली, दोऱ्यानं घट्ट बांधलं. गाठीवर गाठ, गाठीवर गाठ. म्हटलं, हा कचरा कशाला? ती म्हणाली, असू दे बाबा, तेच मुख्य आहे. वर फुलं रचून झाकून टाकलं.

घाटावर सुपिन तिला रेशमी लुंगी नेसवायला घेऊन गेली. माझ्यापुढं क्राथोंग. तिथल्या पाण्याच्या टबात ठेवून बघितला तर एका अंगाला कलतोय. नियम काय, तर सगळं नैसर्गिक. आणि आत बिअरचं बूच. परीक्षक बाई तीन क्राथोंग पलीकडं आल्या होत्या. बाप म्हणून जे करायला पाहिजे ते मी केलं. फुलं उचलली, कात्रीनं दोरा कापला, बूच खिशात टाकलं, फुलं परत ठेवली. बाणासारखा सरळ तरंगायला लागला. परीक्षक बाई म्हणाल्या, तोल सुरेख आहे. प्लास्टिकची बादली आणि साबण मिळाले.

मग मेणबत्ती पेटवून पाण्यात सोडला. माखाम हात जोडून, डोळे घट्ट मिटून किती तरी वेळ पुटपुटत होती. बाकीची मुलं उठून गेली तरी हिचं चालूच. शेवटी दिवा वळणाच्या पलीकडं दिसेनासा झाला, तेव्हा तिनं माझा हात धरला आणि म्हणाली, गेलं बाबा. आता तुला प्यावंसं वाटणार नाही.

बूच माझ्या खिशात होतं.

सांगणार होतो. गर्दी होती, सुपिन बरोबर होती. नंतर पाण्यात टाकावं असंही मनात आलं, पण लोखंड बुडतं, वाहून जात नाही. आणि पोरीच्या मनाचं समाधान झालं होतं, ते कशाला बिघडवायचं? मुख्य भावना असते. भावना तर वाहून गेलीच ना.

उद्या निकाल. पातळ उशी आणली आहे. पलंग खिडकीशी सरकवला.

शनिवार, १६ नोव्हेंबर.
दोघी अकराला आल्या.

सासूबाईंचं तराफ्याचं घर वळणाच्या खाली आहे, हे मला काल आठवायला पाहिजे होतं. गावचे निम्मे क्राथोंग रात्री तिथंच बांबूंमध्ये येऊन अडकतात. दरवर्षी सासूबाई सकाळी काठीनं ढकलत बसतात आणि गावाला शिव्या घालतात. माखाम उजाडायच्या आत उठून बसली होती, आपला पुढं गेला का बघायला. तो गेला नव्हता. अडकला होता. पुढं ढकलावा म्हणून हातात घेतला. फुलं पाण्यानं निघून गेली होती.

तिनं टेबलावर लाल दोऱ्याचा तुकडा ठेवला.

मी म्हटलं, पाण्यात सुटलं असेल. ती म्हणाली, गाठी तशाच आहेत बाबा. दोरा कापलाय. मी म्हटलं, अगं कलत होता, नियम होता, नंबर आला नसता. ती म्हणाली, मग ते कुठंय?

शर्ट खुंटीला होता. खिशातून काढून दिलं. तिनं हातात घेतलं नाही, नुसतं बघितलं. म्हणाली, म्हणजे गेलंच नाही.

रडली असती तर मी समजूत काढली असती. मागच्या खोलीच्या दारापर्यंत गेली, पलंग बघितला, उशी दाबून बघितली, परत आली. सुपिनला म्हणाली, आई, चल.

सुपिननं तिला काही विचारलंच नाही. ठरल्याप्रमाणं विचारायला पाहिजे होतं. यात माझ्यावर अन्याय झालाय. मी फोन करून सांगणार आहे. जाताना सुपिननं बादली आणि साबण माझ्याकडं राहू दे म्हटलं, ते मात्र चांगल्या मनानं म्हटलं.

रविवार, २४ नोव्हेंबर.
हस्तकला: पडदा पूर्ण झाला. थेट जमिनीपर्यंत. या आठवड्यात सामानाची अडचण आली नाही.

मी एकट्यानंच ओवला. दोरे वाकडेतिकडे आलेत. पहिले काही दोरे सरळ आहेत, ते तिचे.

लामदुआन मावशी डबा घेऊन आल्या होत्या. पडदा बघितला. डबा पायरीवर ठेवला, खा, म्हणाल्या, आणि गेल्या. दोघी परवाच रायोंगला गेल्या, हे त्यांच्याकडूनच कळलं. नोकरी तर डिसेंबरपासून होती.

लाल दोऱ्याचं बूच ओवलं नाही. ते टेबलावर आहे. तिनं माझ्यासाठी नदीला दिलेलं मी काढून घेतलं, एका बादलीसाठी. हे लिहून ठेवतो आणि पुढं जातो.

सोमवारपासून नवा माणूस.

दुपारी पडदा वाजला. उठून शर्ट घातला, केस सारखे केले, दाराशी गेलो. वारा होता.