उंदराला सोंग येत नाही

शहापूर, बेळगाव
रविवार, दुपार

तीर्थरूप मालुआक्कास,

धाकट्या सुबरावचा दोन्ही हात जोडून नमस्कार. (उजव्या अंगठ्याला उंदीर चावल्यामुळे पट्टी आहे. त्यामुळे नमस्कारही वाकडा आणि अक्षरही वाकडं, गोड मानून घे.) इकडे आम्ही सर्व मजेत आहोत. तुझी प्रकृती कशी आहे हे विचारायचा हक्क मी आमच्या लेकीच्या, रचनाच्या लग्नात घालवला, हे मला ठाऊक आहे, तरी विचारतो. फोन तू उचलत नाहीस. भाऊजी उचलतात आणि 'देवळात गेलीया' म्हणून सांगतात. आठ महिन्यांत निपाणीत एवढी देवळं कधी बांधली कळत नाही. म्हणून शेवटी पत्र लिहायला बसलो.

माग बंद करून मी दवाखान्याच्या कॉलेजात उंदीर सांभाळायला लागलो, हे तुझ्या कानावर आलंच असेल. (अंबू गल्लीत 'आमचे हे रिसर्चमध्ये असत्यात' असं सांगते, तिला खोटं पाडू नकोस.) उंदीर पांढरे, लाल डोळ्यांचे आणि आपल्या घरातल्या कुणाहीपेक्षा शिस्तीचे. त्यांना ठरल्या वेळी खाणं, ठरल्या वेळी उजेड आणि दर आठवड्याला नवं अंथरूण मिळतं. आणि एवढे लाड करून झाले की त्यांना दुखणं देतात. शेजारच्या खोलीतले महादेव सर उंदराच्या पोटात कळ आणतात आणि वीस मिनिटांत तो किती वेळा पोट ताणतो ते घड्याळ लावून मोजतात. शिकलेला माणूस, घरी दोन गाड्या, आणि दिवसभर उंदराचा मुरडा मोजत बसतो. आमच्या सौम्या मॅडम धारवाडच्या, त्यांचं काम दुखण्याची बातमी नेणाऱ्या शिरांचं. त्या उंदराला गुंगी देऊन मांडीतल्या एका शिरेला धाग्याची सैल गाठ मारतात. आपल्या बापजाद्यांनी जन्मभर तुटलेला धागा सांधायला गाठ मारली, आणि इथे न तुटलेल्याला मारतात, तीही समितीची परवानगी काढून.

जखम आठवड्यात भरते, पण दुखणं जात नाही. मग काही उंदरांना नवं औषध देतात, आणि दुखणं किती राहिलं हे मोजायला मॅडमकडे वीस काड्यांची एक पेटी आहे. प्रत्येक काडीच्या टोकाला एक नायलॉनचा केस, पहिला सगळ्यांत बारीक, विसावा सगळ्यांत जाड. उंदराला जाळीवर उभं करायचं, खालून केस पंजाला टेकवायचा आणि तो कितव्या केसाला पाय उचलतो ते लिहायचं. तर परवा मॅडम म्हणाल्या, पेटी जरा साफ करून ठेवा. मी पेटी उघडली, तर वीसच्या वीस काड्यांना धागे सुटलेले. आक्का, तू मला लहानपणापासून ओळखतेस. पातळाच्या काठाला सुटलेला धागा दिसला की माझा हात आपोआप कातरीकडे जातो, त्यात डोक्याचा काही संबंध नसतो. मी ते वीसही केस मुळापासून इतके स्वच्छ छाटले की माझं मलाच कौतुक वाटलं.

चूक कळली तेव्हा पेटी परदेशातून मागवलेली आहे हेही कळलं. मग मी विणकरानं करायचं ते केलं. घरी उरलेलं रेशीम होतं, ते आणून वीसही काड्यांना बसवलं, खळ लावून ताठ केलं आणि पेटी होती तिथे ठेवली. दुसऱ्या दिवशी मॅडमनी तपासणी सुरू केली आणि चमत्कार झाला. एकही उंदीर पाय उचलेना. औषध लागू पडलं म्हणून मॅडमचे डोळे भरून आले, महादेव सरांनी खडेबाजारातून पेढे आणले, मीही दोन खाल्ले. दुपारपर्यंत सगळं छान चाललं होतं. मग ज्यांना औषध दिलंच नव्हतं तेही उंदीर बरे झाल्याचं दिसायला लागलं, तेव्हा मॅडमनी चष्मा पुसून काडीचं टोक उजेडात धरलं.

नोकरी जाणार म्हणून मी मान खाली घालून उभा राहिलो. पण एक पिंजरा उरला होता, अकरा नंबरचा. त्यातल्या उंदराचं नाव मी भरमा ठेवलंय. मॅडमनी रागारागात त्याच्या पंजाला ते रेशीम टेकवलं, आणि भरमानं चटका बसावा तसा पाय ओढून घेतला आणि चाटत बसला. पुन्हा टेकवलं, पुन्हा तेच. रेशीम, आक्का, ज्यानं आपण बाळाचा गाल पुसतो. मी म्हटलं, "मॅडम, ह्यो सोंग करतोय." त्या म्हणाल्या, "सोंग नाही री, सुबरावण्णा. कुणाला दाखवणार तो? त्याला ना सून, ना शेजारीण."

मग राग विसरून त्यांनी मला समजावलं. शिरेच्या अंगावर बारीक बारीक दारं असतात. शीर दुखावली की ही दारं वाढतात आणि धड मिटत नाहीत. वर मणक्यातल्या पेशी इतक्या बिथरतात की नुसत्या स्पर्शाची बातमीसुद्धा त्या दुखणं म्हणूनच पुढे पाठवतात. बाहेरून कातडी चांगली दिसते, म्हणून बघणाऱ्याला काही पटत नाही. "माणसांत नागीण होऊन गेल्यावर असंच होतंय," त्या म्हणाल्या. "फोड सुकतात, पण पुढं वर्षभर लुगडं टेकलं तरी आग होते."

मला रचनाच्या लग्नाचा मांडव आठवला. लग्नात मी तुला मानाचं जरीकाठी पातळ दिलं आणि तू ते कमरेला खोचून घेईनास, विटका गाऊन घालून मांडवात बसलीस. तेव्हा चाळीस माणसांदेखत मी म्हणालो, "नागीण जाऊन सहा म्हैनं झालं, आमच्या आक्काला सोंगं लई येत्यात." सगळे हसले. सगळ्यांत मोठ्यानं मी हसलो. मला त्याची लाज वाटते. उंदराचं दुखणं मोजायला वीस काड्या लागतात, आणि तुझं मी नुसत्या तोंडानं मोजलं.

थोरामोठ्यांना नमस्कार, लहानांना जे चालत असेल ते.

तुझा,
सुबराव

ता. क. दुखण्याचे वेगळे डॉक्टर दवाखान्यात दर बुधवारी बसतात. ह्याला औषध आहे म्हणतात. तुझ्या नावाची चिठ्ठी काढून ठेवली आहे. आधार कार्ड घे आणि कर्नाटकाच्याच गाडीत बस, तिथे बायकांना फुकट आहे, महाराष्ट्राच्या गाडीत तुला तिकीट पडेल.

ता. क. वर 'परवा' लिहिलं ते खरं नाही. भरमाची गोष्ट दिवाळीच्या आधीची आहे. तेव्हाच लिहायला हवं होतं. लिहू लिहू म्हणत राहून गेलं.

ता. क. 'सर्व मजेत' हेही खरं नाही. अठरा दिवस झाले, मला नागीण झाली आहे, डाव्या बरगडीवर. फोड सुकले, पण सदरा टेकवत नाही. हे पत्र उघड्या अंगानं लिहितोय. बुधवारची चिठ्ठी खरं तर आधी माझी काढली, मग तुझी. काल पाहुण्यांसमोर सदरा घालीना, तर अंबू म्हणाली, "बहिणीवर गेल्यात." सगळे हसले. ह्या घरात माझं खरं मानणारं कुणी नाही आक्का, तू ये. बोलायचं नसलं तर बोलू नकोस, नुसती जवळ बस. फक्त डाव्या बाजूला बसू नकोस.