तेराव्या घटकाचं बाळंतपण

१९ जून, तासगाव
दोन रेघा आल्या. सकाळी सांगलीच्या एसटीवर कंडक्टरची ड्युटी होती. बोटं तिकिटाच्या मशीनवर, डोकं भलतीकडंच. स्टँडवर उतरल्या उतरल्या डॉ. मॅडमना फोन केला. म्हणाल्या, "उद्याच या. रक्त जायची वाट बघायची नाही या वेळी."
नवऱ्याला, संतोषला, दुपारी द्राक्षबागेत जाऊन सांगितलं. फवारणीचा पाइप हातात धरून नुसता बघत राहिला. "आधी औषध बंद कर की," म्हटलं.

२० जून
पहिलं क्रायो झालं. दुसऱ्यांच्या रक्तातून काढलेलं पिवळसर पाणी, गोठवून ठेवलेलं. माझ्यात नसलेला तेरावा घटक त्यात असतो. माझं रक्त गोठतं, पण ती गाठ टिकत नाही. आज थांबलेलं उद्या पुन्हा वाहतं. म्हणूनच साध्या तपासण्या कायम नॉर्मल. दोन गर्भपात झाल्यावर मॅडमनी पुण्याला रक्त पाठवलं, तेव्हा कुठं कळलं.
आता बाळंत होईपर्यंत ठरल्या दिवशी क्रायोची पिशवी. कमरेत इंजेक्शन नाही. मनानं कसलीही गोळी नाही. चालेल. ड्युटी म्हणून करायचं.

२ ऑगस्ट
मागचे दोन्ही गेले ते याच्या आतच. आज सोनोग्राफीत ठोके दणकून!
आत्याला सांगितलं. सासू झाली तरी मला आत्याच, बाबांची सख्खी बहीण. म्हणाली, "परक्याच्या रगतावर पोर वाढतंय व्हय गं?"
"व्हय. पण वाढतंय का न्हाई, ते बघ."
आत्यानं न विचारताच ताटात दुसरी भाकरी वाढली.

११ सप्टें.
मॅडमनी संतोषचं रक्त मागितलंय. आत्याचा मुलगा, म्हणजे रक्त एकच. त्याच्यातही हा दोष लपलेला असू शकतो. आत्या भडकली. "माझ्या पोरात खोट काढू नगा!"
संतोष बागेचं औषध आणायला म्हणून सांगलीला गेला आणि रक्त देऊन आला.

२५ सप्टें.
त्याचा घटक निम्मा निघाला. त्याला स्वतःला त्रास काही नाही. पण बाळ एक तर माझ्यासारखं होणार, नाहीतर त्याच्यासारखं. शक्यता निम्मी-निम्मी.
पोटात सुई घालून, बाळाभोवतीचं पाणी काढून आधीच बघता येतं म्हणे. त्यात जोखीम. आणि कळलं तरी...
नको म्हटलं. माझ्यासारखं झालं तर झालं. मी उभ्यानं नोकरी करतेच की.
संतोष बाहेर येऊन गाडीवर बसला, पण किक मारेना. मीच म्हटलं, चल, भूक लागली.

२३ नोव्हें.
कोरेगावहून आई आली. पहिलं बाळंतपण माहेरीच, हा हट्ट. "आमच्या तितं बी डाक्टर हायेत."
"डॉक्टर आहेत गं, पिशव्या नाहीत."
रडली. पण माझं ठरलंय. सांगली. रक्तपेढी खाली, ऑपरेशन थिएटर वर. म्हटलं, तूच माहेर घेऊन ये तिथं. शेवटी दवाखान्यामागं खोली घ्यायची ठरली.

२८ जाने., सांगली
मॅडमनी सगळ्यांना एकत्र बसवलं. भूल देणारे, रक्तपेढीवाले, बाळाचे डॉक्टर. पाठीत सुई द्यायची नाही. चिमटा लावून बाळ ओढायचं नाही. कळा सुरू झाल्या की आधी पिशवी.
"आणि मी काय करायचं?"
"तुम्ही कळा द्यायच्या," मॅडम म्हणाल्या. सगळे हसले. मला लय बरं वाटलं.

६ फेब्रु.
मुलगी. काल दुपारी. काय आवाज आहे! रक्त चारचौघींइतकंच गेलं. पण आमचं रक्त दगा देतं ते नंतर, त्यामुळं सगळे पहाऱ्यावर. बाळाच्या नाळेतलं रक्त तपासायला गेलंय.

९ फेब्रु.
मी ठीक. बाळाचे डॉक्टर सांगून गेले, नाळेच्या देठावर लक्ष ठेवा. ते गेले तशी आई म्हणाली,
"तुज्या आदी एक हुती."
कोण?
"पोरगी. नाळंतनं रगत थांबंना. गेली. तुजी बी वाहिली हुती, पर तू ऱ्हायलीस."
मॅडमनी तुला विचारलं होतं ना, तेव्हा का नाही...
"तुज्या बाबांनी कवाच तोंड बंद केलं हुतं माजं. लगीन झालं नसतं तुजं."
इतका राग आला. मला एक बहीण होती. नाव ठेवायच्या आतच...
मग म्हटलं, चल. आईला घेऊन बाळाच्या डॉक्टरांकडं गेले. तिनंच सगळं सांगितलं, न रडता. ते म्हणाले, रिपोर्टसाठी थांबायचं नाही, थेंब दिसला तरी क्रायो. बाळापुरतं आजच राखून ठेवायला लावलं.

१२ फेब्रु.
आत्या आली. आईनं तिलाही सांगितलं. आत्या डोक्याला हात लावून बसली. "सख्खा भाऊ. मला बी सांगितलं न्हाई त्यानं." मग दोघी बाळाशेजारी बसल्या, दुपटं उघडून, देठाकडं बघत. उठायला तयार नाहीत.

१६ फेब्रु.
परवा नाळ पडली. कोरडी. डॉक्टर म्हणतात चांगलंच आहे, पण त्यावरून ठरवायचं नाही. रिपोर्ट नाही अजून.
बारसं खोलीतच. पाळण्याला दोरी बांधतोय तोवर तासगावचा सोनार दारात. कान टोचायला. आत्यानं महिन्याभरापूर्वीच सांगून ठेवला होता म्हणे.
"टोचायचे नाहीत," म्हटलं.
खोलीभर बाया. शेजारची एक म्हणालीच, "आवं, बाराव्याला न्हाई, तर मग कवा?"
मी तोंड उघडायच्या आत आत्या बोलली, "रिपोट यिऊ दे. चांगला आला की दुसऱ्या दिशी टोचू."
"आन न्हाई आला चांगला तर?"
"तर पिशवी लावून टोचू." आणि सोनाराकडं वळून, "तवा दवाखान्यात यावं लागंल तुला. येशील न्हवं?"