दोन पोरं मिळून सत्तर

गोडादरा, सुरत

चि. पंडितास भागीरथीताईचे आशीर्वाद. वहिनीचा गुडघा कसा आहे? इथे आम्ही सगळे धडधाकट, तू पाठवलेलं स्थळ बघूनसुद्धा. फोनवर तू मला बोलू देत नाहीस, म्हणून लिहिते.

माझ्या गायत्रीसाठी तू दोन सख्खे भाऊ पाठवलेस, आवडेल तो घ्या म्हणालास (भाजी आहे का?). दोघांचे केस कलप लावून काळे कुळकुळीत, वयाचा पत्ता लागेना. त्यांच्या आईला विचारलं, थोरला केवढा? म्हणाली, धाकट्यापेक्षा सहा वर्षांनी मोठा. मग धाकटा? थोरल्यापेक्षा सहा वर्षांनी लहान. आकडा सांगितला की पोरांना दृष्ट लागते म्हणे. तुझे दाजी खूश, दोन गोष्टी कळल्या म्हणाले. मी म्हटलं, एकच कळली, दोनदा. (आमच्या साड्यांना खडे लावायच्या कामात हेच. टेम्पोवाला मला सांगतो, तुझ्या गठ्ठ्यात सुभद्राबाईपेक्षा सहा जास्त. तिला सांगतो, भागीरथीपेक्षा सहा कमी. दोघी एकमेकींची तोंडं बघतो. मिळून किती आणल्यास ते बोल की मेल्या.) तेवढ्यात तुझा फोन, मोठी बातमी: धाकटा जन्मला तेव्हा थोरला सहा वर्षांचा होता. अरे, तीच बाई तिसरं लुगडं नेसून आली. मध्येच त्यांची मावशी म्हणाली, सहा कुठे, आठ. दोन्ही खरं धरलं तर पोरं जन्मालाच येत नाहीत. आईने डोळे वटारले, मावशी सहावर आली.

शेवटी पोहे खाताखाता बाप दमून बोलला, "दोघांना मिळून सत्तर वर्षं पोसलं मी. आता सुनांनी बघावं." एवढ्या वेळात पहिली नवी गोष्ट. मी बशी खाली ठेवली. सत्तरातले सहा बाजूला काढले, उरले त्याचे दोन सारखे ढीग. धाकटा बत्तीस, थोरला अडतीस. आपली गायत्री तेवीस. पोहे संपवा आणि निघा म्हटलं.

तुझी,
भागीरथीताई

ता.क. दाजी बत्तीसवर अडून बसलेत, रविवारी होकार कळवणार म्हणतात. त्याआधी ये आणि मोड. स्थळ तुझं होतं.

ता.क. आणखी एक. गायत्रीने स्वतःच एक बघून ठेवलाय, कापड मार्केटातला किसन. वय विचारलं तर म्हणाली, माझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठा. तू म्हणशील, इथेही एकच गोष्ट कळली. पण गायत्रीचं वय मला ठाऊक आहे, बाळंत मी झाले होते. तेवढ्यात भागतं. दाजींना हेही तूच सांग, मी आत चहा टाकते.